नकाशा, गलबत आणि हिशेब : साहसकादंबऱ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं अभिजात साहसकादंबऱ्यांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही उत्तरांत कथांचे शेवट उघड झाले आहेत, कारण त्याशिवाय उत्तर पुरं होत नव्हतं. ज्यांनी मूळ पुस्तकं वाचलेली नाहीत, त्यांनी आधी ती वाचावीत.

प्रश्न : वादळ, बेट, खजिना, चाचे. साहसकथेत याहून वेगळं काय असतं? मुलांच्या करमणुकीच्या या प्रकाराला वाङ्मयाच्या इतिहासात एवढं मानाचं पान का?

वादळं आणि खजिने फार जुन्या अद्भुत कथांतही आहेत. डॅनियल डिफोची 'रॉबिन्सन क्रूसो' २५ एप्रिल १७१९ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात नवं होतं ते कामाचं वर्णन. तिच्यातलं होडीचं प्रकरण पाहा. क्रूसो सीडरचं एक प्रचंड झाड निवडतो. बुंध्यापाशी व्यास ५ फूट १० इंच, २२ फुटांवर ४ फूट ११ इंच. ते पाडायला २० दिवस, फांद्या आणि शेंडा छाटायला आणखी १४, बाहेरून होडीचा आकार द्यायला एक महिना आणि आतून कोरायला जवळपास तीन महिने लागतात. २६ माणसं मावतील अशी सुरेख होडी तयार होते आणि ती जागची हलत नाही. पाणी अवघ्या १०० यार्डांवर असतं, पण वाटेत चढ असतो. मग तो पाणीच होडीपर्यंत आणायचं ठरवतो, कालव्याची खोली-रुंदी मोजतो आणि एकट्याला या खोदाईला १० ते १२ वर्षं लागतील असा हिशेब निघाल्यावर नाद सोडतो.

जुन्या अद्भुत कथेतल्या राजपुत्राला असा प्रसंग येत नाही. त्याच्यासाठी घोडा हजर असतो, तलवार हजर असते. डिफोचा नायक सामान्य मध्यमवर्गीय घरातला मुलगा आहे. त्याला रोजचं काम करावं लागतं, ते फसतं, आणि फसण्याचं कारण नशीब नसून त्याचा स्वतःचा अविचार असतो: झाड पाडण्याआधी त्याने वाट पाहिली नव्हती. रोजच्या कष्टाला, वस्तूंच्या यादीला आणि चुकीला कथेत एवढी जागा मिळणं ही मोठी गोष्ट होती. वास्तववादी कादंबरीचा पाया इथे पडला असं अनेक अभ्यासक मानतात. आमचंही मत तेच आहे.

पुस्तकाचा प्रभाव साहित्यापुरता राहिला नाही. फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ च्या 'एमिल' या शिक्षणविषयक ग्रंथात मुलाच्या हाती पडणारं पहिलं पुस्तक म्हणून 'क्रूसो'ची निवड केली. मुलाने वस्तूंची किंमत बाजारभावावरून न ठरवता उपयोगावरून ठरवायला शिकावं, हा त्यामागचा विचार. बेटावर अडकलेल्या माणसांच्या कथा तर एवढ्या निघाल्या, की १७३१ मध्येच एका जर्मन लेखकाने त्यांना 'रॉबिन्सनाड' असं नाव देऊन टाकलं.

एवढा मोजूनमापून लिहिणारा डिफोही एका ठिकाणी घसरला आहे. क्रूसो बेटाला लागतो ३० सप्टेंबर १६५९ रोजी आणि निघतो १९ डिसेंबर १६८६ रोजी. पुस्तक म्हणतं, २८ वर्षं, २ महिने, १९ दिवस. वजाबाकी करून पाहा, २७ वर्षंच येतात.

प्रश्न : क्रूसो खरोखर होऊन गेला का?

नाही. पहिल्या आवृत्तीवर डिफोचं नाव नव्हतं आणि हकिकत क्रूसोने स्वतः लिहिली असं छापलं होतं, त्यामुळे अनेकांची तशी समजूत झाली. त्याचा संबंध नेहमी जोडला जातो तो अलेक्झांडर सेलकर्क या स्कॉटिश खलाशाशी. आपलं जहाज आता तग धरणार नाही यावरून कप्तानाशी त्याचं बिनसलं आणि १७०४ मध्ये तो प्रशांत महासागरातल्या हुआन फर्नांदेस द्वीपसमूहातल्या एका निर्जन बेटावर उतरला. ४ वर्षं ४ महिने तो तिथे एकटा होता. १७०९ मध्ये वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी त्याला सोडवलं. ते जुनं जहाज पुढे खरोखरच निकामी होऊन बुडालं.

पण क्रूसोला बेटावर भेटतो तसा फ्रायडे हा सोबती सेलकर्कला भेटला नाही, आणि क्रूसोचं बेट तर अटलांटिकच्या बाजूला, ओरिनोको नदीच्या मुखाजवळ आहे. तरीही चिलीच्या सरकारने १९६६ मध्ये सेलकर्कच्या बेटाला 'रॉबिन्सन क्रूसो बेट' हेच नाव दिलं.

प्रश्न : अशा पुस्तकांत सुरुवातीला नकाशा का असतो? मी एक बेटाची गोष्ट लिहितो आहे. नकाशा आधी काढावा की नंतर?

आधी. याचं सर्वांत चांगलं उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पावसाने घरात अडकलेला असताना त्याने सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचं रंगीत चित्र काढलं. त्या चित्राकडे पाहता पाहता झाडीत हालचाल करणारी माणसं त्याला दिसू लागली, आणि त्याने प्रकरणांची यादी लिहायला घेतली. तीच 'ट्रेझर आयलंड'. ऑक्टोबर १८८१ पासून ती मुलांच्या एका साप्ताहिकात टोपणनावाने क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुढे मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना गहाळ झाला, तेव्हा स्टीव्हन्सनला पुस्तकातली सगळी वर्णनं तपासत त्यांच्याशी जुळेल असा नकाशा पुन्हा काढावा लागला. गोष्टीला नकाशा जुळवणं हे नकाशाला गोष्ट जुळवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे, असा त्याचा अनुभव होता.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. कागदावर सर्वांत आधी प्रमाण लिहा, एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर. बहुतेक नवे लेखक हे शेवटाकडे ढकलतात आणि मग नायक सकाळी निघून दुपारी जिथे पोचतो, तिथूनच परतायला त्याला दोन दिवस लागतात. नंतर उत्तर दिशा, नंतर वाऱ्याची नेहमीची दिशा. शिडाचं गलबत वाऱ्याच्या थेट विरुद्ध चालत नाही, त्यामुळे ते कुठल्या किनाऱ्याला सहज लागेल हे वाराच ठरवतो. मग गोड्या पाण्याची जागा. माणसं पाण्याजवळ मुक्काम करतात, म्हणून बहुतेक प्रसंग कुठे घडणार हे तेव्हाच ठरून जातं. त्यानंतर लांबून दिसेल अशी एक उंच खूण. स्टीव्हन्सनचं बेट सुमारे ९ मैल लांब आणि ५ मैल रुंद आहे, त्यावर उत्तर-दक्षिण ओळीत तीन टेकड्या आहेत आणि मधली 'स्पाय-ग्लास' सर्वांत उंच आहे. खजिन्याची जागा याच टेकडीच्या उतारावरच्या एका उंच झाडावरून दाखवली आहे.

हे सगळं झाल्यावर प्रसंग मांडा. कोणत्या वेळी कोण कुठे आहे, ते पेन्सिलने नकाशावर लिहीत चला. दोन माणसांना एकमेकांचा आवाज ऐकू यायला हवा असेल, तर त्यांच्यातलं अंतर मोजून पाहा.

एक गोष्ट मात्र 'ट्रेझर आयलंड'कडूनच शिकावी. ज्या नकाशासाठी एवढी माणसं मेली, तो शेवटी निरुपयोगी असतो. बेन गन या बेटावर सोडून दिलेल्या खलाशाने खजिना कधीच उकरून आपल्या गुहेत नेलेला असतो. नायकाच्या बाजूचा डॉक्टर लिव्हसी नकाशा चाच्यांचा म्होरक्या सिल्व्हरच्या हवाली इतक्या सहज का करतो, याचा उलगडा तिथे होतो. वाचक ज्या कागदावर सुरुवातीपासून विश्वास टाकून बसला, तोच कागद लेखकाने त्याच्याविरुद्ध वापरला. आमच्या मते साहसकथेतली ही सर्वांत देखणी खेळी आहे.

प्रश्न : लाँग जॉन सिल्व्हर खुनी आहे, विश्वासघातकी आहे. तरी तो आवडतो. हा लेखकाचा दोष म्हणायचा का?

दोष मुळीच नाही. स्टीव्हन्सनने आपल्या एका धिप्पाड मित्राचा, डब्ल्यू. ई. हेन्ली या कवीचा, जोम आणि हुशारी घेतली, त्यातला सज्जनपणा काढून टाकला आणि उरलेल्यातून सिल्व्हर घडवला. हेन्लीचा एक पाय गुडघ्याखाली कापलेला होता, सिल्व्हरचा डावा पाय थेट मांडीच्या मुळापासून कापलेला आहे. अकराव्या प्रकरणात कथा सांगणारा मुलगा जिम सफरचंदांच्या पिंपात बसलेला असताना सिल्व्हरचा कट ऐकतो. तेव्हा त्याला सर्वांत जास्त झोंबतं ते हे, की सिल्व्हर दुसऱ्या एका पोराची स्तुती अगदी त्याच शब्दांत करतो आहे, ज्या शब्दांत त्याने जिमची केली होती. इथे मुलाला कळतं, की प्रेमळपणाही हत्यार असू शकतो. तरी पुढे हाच सिल्व्हर जिमचा जीव वाचवतो, आणि त्यात माया किती आणि मतलब किती हे लेखक सांगत नाही. शेवटी तो नाण्यांची एक पिशवी घेऊन पळतो. त्याला फासावर चढवलं असतं तर चाचेगिरीवरचा धडा पुरा झाला असता, पण वाचकाने त्याच्याविषयी स्वतः विचार करण्याची गरज उरली नसती.

प्रश्न : 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'मध्ये फिलियस फॉगला एक दिवस जास्तीचा कसा मिळतो? कितीदा वाचलं तरी नीट समजत नाही.

पृथ्वीचे ३६० अंश २४ तासांत फिरतात, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वेकडे जाणारा माणूस सूर्याला सामोरा जात असतो, त्यामुळे दर अंशामागे त्याचा दिवस ४ मिनिटांनी आखूड होतो. पूर्ण फेरीत ३६० गुणिले ४, म्हणजे १,४४० मिनिटं, बरोबर २४ तास. फॉगने ८० वेळा सूर्य माथ्यावर आलेला पाहिला, लंडनमध्ये बसलेल्या त्याच्या मित्रांनी ७९ वेळा. म्हणून २१ डिसेंबर १८७२, शनिवार, रात्री ८.५० वाजले असं समजून तो ८० दिवसांत परतण्याची पैज पाच मिनिटांनी हरल्याचं मान्य करतो, तेव्हा लंडनमध्ये खरं तर २० तारीख, शुक्रवार असतो. तो पश्चिमेकडून गेला असता तर असाच एक दिवस गमावून बसला असता.

नोकर पासपार्तूने आपलं घड्याळ सबंध प्रवासात लंडनच्याच वेळेवर ठेवलेलं असतं. त्या घड्याळात तारीखही दिसत असती, तर गुपित आधीच फुटलं असतं.

आता एक खोच. ज्यूल व्हर्नची ही युक्ती सुंदर आहे, पण ती पूर्ण टिकत नाही. योकोहामाहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना १८० रेखांश ओलांडला जातो आणि जहाजावर तारीख एक दिवस मागे घेतात. अमेरिकेत उतरल्यावर वर्तमानपत्रावर, रेल्वेच्या वेळापत्रकावर फॉगला खरी तारीख दिसायलाच हवी होती. न्यूयॉर्कला तो ११ तारीख समजून पोचतो आणि पाऊण तासापूर्वी सुटलेली बोट चुकल्याचं त्याला कळतं. त्याची तारीख एक दिवस पुढे होती, तर ती बोट अजून धक्क्यालाच असायला हवी. व्हर्नने वाचकाला एवढं धावतं ठेवलं आहे की हे लक्षातच येत नाही. त्याच्या कथेची गतीच त्या त्रुटीवर पांघरूण घालते.

वेळापत्रक मात्र चोख आहे: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३, मुंबई ते कलकत्ता ३, कलकत्ता ते हाँगकाँग १३, तिथून योकोहामा ६, सॅन फ्रान्सिस्को २२, न्यूयॉर्क ७, लंडन ९. बेरीज ८०. हिशेबाची ही ओळच कथेचं इंजिन आहे, कारण तीनंतर वाटेतल्या प्रत्येक खोळंब्याला तासांत मोजता येणारी किंमत येते. अमेरिकन पत्रकार नेली ब्लायने १४ नोव्हेंबर १८८९ रोजी हीच फेरी प्रत्यक्षात सुरू केली, वाटेत फ्रान्समधल्या आमियां इथे व्हर्नची भेट घेतली आणि ७२ दिवसांत ती पुरी केली.

प्रश्न : ड्यूमाच्या कादंबऱ्या एवढ्या लांबलचक का?

कारण त्या वर्तमानपत्रासाठी लिहिल्या गेल्या. १८३६ मध्ये पॅरिसच्या 'ला प्रेस' आणि 'ल सिएक्ल' या दैनिकांनी वार्षिक वर्गणी निम्म्यावर आणून ४० फ्रँक केली. खर्च जाहिरातींतून काढायचा, तर वाचक पुष्कळ हवेत आणि ते रोज परत यायला हवेत. त्यासाठी पानाच्या तळाशी क्रमशः कादंबरी सुरू झाली. 'थ्री मस्केटिअर्स' मार्च ते जुलै १८४४ या काळात 'ल सिएक्ल'मध्ये आली आणि लगेच ऑगस्टपासून दुसऱ्या दैनिकात 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' सुरू झाली. ती जानेवारी १८४६ पर्यंत चालली. ऑग्यूस्त माके हा सहकारी टिपणं आणि कच्चे आराखडे पुरवायचा. पुढे तो कोर्टात गेला, पण पुस्तकांवर सहलेखक म्हणून नाव लावण्याचा हक्क त्याला मिळाला नाही.

ओळीवर पैसे मिळत असल्यामुळे दोन-तीन शब्दांचे संवाद भरपूर आले, ही तक्रार खरी आहे. त्याच बंधनाने एक कौशल्यही घडवलं. 'माँटे क्रिस्टो'चा नायक दांतेस १४ वर्षं शातो दिफ या समुद्रातल्या तुरुंगात कैदेत असतो. मेलेल्या सोबत्याच्या जागी तो स्वतःला पोत्यात शिवून घेतो. बेत असा, की पुरलं की माती उकरून निघायचं. पण त्या तुरुंगाची दफनभूमी म्हणजे समुद्र. पायाला ३६ पौंडांचा तोफगोळा बांधून पोतं खाली फेकलं जातं, आणि प्रकरण तिथे संपतं. दांतेसचा अंदाज तर्काला धरून होता, फक्त एक माहिती त्याच्याकडे नव्हती. पुढचा अंक घ्यायला लावणारं थांबणं असंच बांधायचं असतं. दारावर उगाच थाप वाजवून ते साधत नाही.

प्रश्न : या कथांत गोरा नायक शहाणा आणि बाकी सगळे अडाणी किंवा रानटी. अशी पुस्तकं आजच्या मुलांना द्यावीत का?

द्यावीत, पण ती बाजू न लपवता. ती या पुस्तकांच्या मुळाशीच आहे. क्रूसोचं जहाज फुटतं तेव्हा तो ब्राझीलमधल्या आपल्या मळ्यासाठी आफ्रिकेहून गुलाम आणायला निघालेला असतो. त्याआधी तो स्वतः मोरोक्कोत गुलाम होता आणि ज्या झुरी नावाच्या मुलासोबत पळाला, त्याला त्याने ६० नाण्यांना एका कप्तानाकडे सोपवून दिलं. फ्रायडेला तो जे पहिले इंग्रजी शब्द शिकवतो, त्यांत 'मालक' हा शब्द आहे. होडीच्या प्रत्येक इंचाचा हिशेब ठेवणारा माणूस झुरीचा विचार पुन्हा करतो तो मळ्यावर हात कमी पडतात तेव्हा. मुलांसोबत वाचताना हीच दोन पानं शेजारी ठेवा. निराळं प्रवचन द्यावं लागत नाही.

ग्रहणाचा प्रसंगही बोलका आहे. रायडर हॅगर्डच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स' (१८८५) मध्ये इंग्रज मंडळी ग्रहणाचं भाकीत करून स्थानिकांना धाक घालतात. याला इतिहासातला आधार आहे: २९ फेब्रुवारी १५०४ च्या चंद्रग्रहणाचा असा उपयोग कोलंबसाने जमैकात केला होता. पण अमेरिका खंडातल्याच माया लोकांकडे ग्रहणांची कोष्टकं होती, ती ड्रेस्डेन इथे जपलेल्या त्यांच्या हस्तलिखितात आजही पाहता येतात. आकाश फक्त युरोपला कळतं हे गृहीत धरल्याशिवाय तो प्रसंग उभा राहत नाही.

या परंपरेत उलट सूर सुरुवातीपासून आहेत, हेही मुलांना कळू द्यावं. ड्यूमाची आजी कॅरिबियनमधल्या सँ-दोमिंग वसाहतीत गुलाम होती. इटालियन एमिलिओ साल्गारीचा सांदोकान हा बोर्निओचा राजपुत्र ब्रिटिशांशी लढतो, आणि ब्रिटिश खलपुरुष आहेत. व्हर्नचा कॅप्टन निमो 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये (१८७४-७५) आपली ओळख सांगतो: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानाच्या नात्यातला, १८५७ च्या उठावात लढलेला. आधी व्हर्नला तो रशियाने छळलेला पोलिश सरदार करायचा होता, पण रशियातली विक्री बुडेल म्हणून प्रकाशक एत्झेलने हरकत घेतली. इंग्रजी अनुवादात तर निमोचे ब्रिटिशविरोधी उद्गार बदलूनच टाकले गेले. कोणत्या वाचकाला काय सोसवेल याची केवढी काळजी घेतली जात होती, ते यावरून दिसतं.

मोठ्या मुलांना जोडीने वाचायला द्या. आर. एम. बॅलंटाइनच्या 'कोरल आयलंड' (१८५७) मध्ये राल्फ, जॅक आणि पीटरकिन ही तीन इंग्रज मुलं बेटावर गुण्यागोविंदाने राहतात. १९५४ मध्ये विल्यम गोल्डिंगने 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'मध्ये त्यातलीच राल्फ आणि जॅक ही नावं घेऊन मुलांना एकमेकांवर सोडलं. रानटीपणा बाहेरून येतो, ही जुनी समजूत त्याने जागच्या जागी उलटवली. तसंच 'क्रूसो'नंतर जे. एम. कुट्सीची 'फो' (१९८६). तिच्यात फ्रायडे बोलूच शकत नाही, कारण त्याची जीभ नाही.

प्रश्न : साहसकथा लिहिताना तपशिलाच्या कोणत्या चुका हमखास होतात?

पहिली आकाशाची, आणि ती नामवंतांनीही केली आहे. हॅगर्डच्या पहिल्या आवृत्तीत सूर्यग्रहण होतं आणि त्याच्या लगतच्या रात्री पूर्ण चंद्र होता. सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं, तेव्हा हे अशक्य. शिवाय खग्रास स्थिती फार तर साडेसात मिनिटं टिकते आणि त्याच्या कथेतला अंधार त्याहून पुष्कळ लांबला होता. नंतरच्या आवृत्त्यांत त्याने चंद्रग्रहण केलं. तुम्ही एवढं पाळा: पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी कोवळी कोर थोड्याच वेळात मावळते, तिच्या उजेडात मध्यरात्री कोणी वाट शोधू शकत नाही. स्टीव्हन्सन तर लेखकाने नकाशासोबत पंचांगही जवळ ठेवावं म्हणायचा.

दुसरी वस्तूंची. बॅलंटाइनने नारळ पाहिले होते ते सोललेले, दुकानातले. त्याच्या बेटावरच्या झाडांनाही तसेच लागले. चूक कळल्यावर त्याने पुढच्या पुस्तकांसाठी शक्य तिथे जाऊन पाहायचा नियम केला. गोल्डिंगची मुलं पिगीच्या चष्म्याने जाळ करतात, पण पिगीला लांबचं दिसत नाही. अशा चष्म्याची भिंगं अंतर्गोल असतात, ती किरण फाकवतात. त्यांनी वाळकं पानही पेटणार नाही. जवळचं न दिसणाऱ्याचा चष्मा हवा होता.

तिसरी ओझ्याची, आणि ही सर्वांत जास्त आढळते. उष्ण प्रदेशात चालणाऱ्या माणसाला दिवसाला निदान ३-४ लिटर पाणी लागतं. एक लिटर म्हणजे एक किलो. पाच दिवसांच्या वाळवंटासाठी माणशी १५ ते २० किलो फक्त पाणी झालं, त्यावर अन्न, शस्त्र, अंथरूण. म्हणून एक तर जनावर हवं, नाहीतर वाटेत विहीर हवी. दोन्ही गोष्टींतून कथेला प्रसंग मिळतात: जनावर मरू शकतं, विहीर आटू शकते. बऱ्या रस्त्याने माणूस दिवसाला २०-२५ किलोमीटर जातो, दाट रानात वाट तोडत जायचं तर जेमतेम ४-५. शिडाचं गलबत सरासरी ताशी ५ सागरी मैल धरलं, तर २४ तासांत १२० सागरी मैल, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटर. वारा पडला की शून्य. ताज्या फळभाज्यांशिवाय दोन-तीन महिन्यांत खलाशांच्या हिरड्या सुजतात आणि जुन्या जखमा उघडतात, त्यामुळे लांबच्या सफरीत शेवटच्या लढाईला सगळे धडधाकट नसतात. तोंडाकडून ठासायच्या बंदुकीतून सराईत शिपाई मिनिटाला तीनेक बार काढतो, आणि पोहून आलेल्या माणसाची दारू भिजलेली असते.

प्रश्न : या कथांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. का?

बरीच पुस्तकं मुलग्यांच्या साप्ताहिकांसाठी लिहिली गेली आणि त्या बाजाराने तसं मागितलं. 'ट्रेझर आयलंड'मध्ये बोलणारी स्त्री म्हटली तर जिमची आई. पण तिचा प्रसंग पाहा: चाचे कोणत्याही क्षणी येतील अशा वेळी ती आपल्या खाणावळीत मेलेल्या गिऱ्हाइकाच्या पेटीतून थकलेल्या बिलाइतकीच नाणी मोजून घ्यायचा हट्ट धरते, एक छदामही जास्त नको म्हणते. तेवढ्या दोन पानांत ती पुऱ्या पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक व्यक्ती ठरते.

प्रश्न : बाजारात एकाच पुस्तकाच्या ६० पानांपासून ६०० पानांपर्यंत आवृत्त्या दिसतात. पूर्ण कोणती हे कसं ओळखावं, आणि सुरुवात कुठून करावी?

प्रकरणं मोजा. 'ट्रेझर आयलंड' ६ भाग, ३४ प्रकरणं. 'ऐंशी दिवसांत' ३७. 'किंग सॉलोमन्स माइन्स' २०. 'समुद्राखाली वीस हजार लीग' दोन भागांत ४७. 'थ्री मस्केटिअर्स' ६७ आणि उपसंहार. 'माँटे क्रिस्टो' ११७. आकडा कमी भरला तर संक्षेप समजा. 'क्रूसो'ला मुळात प्रकरणंच नाहीत, त्यामुळे तिथे ही खूण चालत नाही. तिथे पेरणीचा हंगाम चुकतो तो भाग, मडकी भाजण्याचे फसलेले प्रयत्न आणि आजारपणातलं बायबलवाचन ही तिन्ही आहेत का ते पाहा. संक्षेप करणारे आधी नेमकी तीच गाळतात. इंग्रजीतून व्हर्न वाचणाऱ्यांनी १८७२-७३ च्या सुमाराचा लुई मर्सिअरचा अनुवाद टाळावा. त्यात 'वीस हजार लीग'चा सुमारे चतुर्थांश मजकूर गळाला आहे, आणि विज्ञानाचा भाग त्यात मोठा आहे. (हा आकडा खोलीचा नव्हे, प्रवासाच्या लांबीचा: सुमारे ८०,००० किलोमीटर.)

सुरुवात 'ट्रेझर आयलंड'ने करा. सोळाव्या प्रकरणापाशी जरा थांबा. निवेदन अचानक जिमकडून डॉक्टरकडे जातं आणि तीन प्रकरणं तिथेच राहतं. स्टीव्हन्सनने पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणं लिहिली आणि नेमका सोळाव्यात तो अडला. पुढचं पुस्तक स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेल्यावर पुरं झालं. त्यानंतर व्हर्न, मग ड्यूमा. 'क्रूसो' शेवटी ठेवा. पहिली पन्नास पानं संथ आहेत, पण तोवर तुम्हाला यादीत आणि मोजमापात गोडी वाटू लागलेली असेल, आणि होडीच्या त्या पानांवर घाईने पुढे जावंसं वाटणार नाही.